काउंटरवरच्या टिकटिकीची कुळकथा

आयबीएमने 1981 च्या ऑगस्टमध्ये आपला पहिला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला, तेव्हा ही कंपनी भारतात नव्हती. परकीय भागभांडवलावर मर्यादा घालणाऱ्या 'फेरा' कायद्याच्या अटी तिला मान्य झाल्या नाहीत आणि 1978 मध्ये तिने इथला व्यवसाय आवरता घेतला. ती परतली 1992 मध्ये, टाटांशी भागीदारी करून. जुने यांत्रिक कीबोर्ड जमवणाऱ्या आमच्यासारख्यांना ही मधली चौदा वर्षं माहीत असावी लागतात. जगभरचे संग्राहक ज्यांच्यासाठी जीव टाकतात ते दोन कीबोर्ड याच काळातले: 1981 चं 'मॉडेल एफ' आणि 1985 चं 'मॉडेल एम'. दोन किलोंच्या पुढे वजन, प्रत्येक बटणाखाली एक उभी स्प्रिंग, आणि दाब एका मर्यादेपलीकडे गेला की ती स्प्रिंग बाजूला वाकून नळीच्या भिंतीवर आपटते, तो आवाज. नाशिकच्या भंगारात असा कीबोर्ड शोधायला निघालेला माणूस बहुधा रिकाम्या हातानेच परततो. आपल्याकडचे ऐंशीच्या दशकातले पीसी एचसीएल, विप्रो अशा देशी कंपन्यांचे होते. आयबीएमचे कीबोर्ड इथल्या कचेऱ्यांत फारसे आलेच नाहीत.

आपल्याकडे सापडतो तो 'टीव्हीएस गोल्ड'. बँकेचा काउंटर, तलाठ्याचं कार्यालय, झेरॉक्सचं दुकान, वर्तमानपत्राचा डीटीपी विभाग, सगळीकडे तो होता आणि अजूनही काही ठिकाणी आहे. जाड केबल, डाव्या-उजव्या बाजूला भरपूर प्लास्टिक, आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाणारी टिकटिक. परदेशातले संग्राहक त्याला स्वस्त यांत्रिक कीबोर्ड म्हणून ओळखतात, कारण कित्येक वर्षं तो दोन हजार रुपयांच्या आसपास मिळत होता आणि आत मात्र जर्मन 'चेरी' कंपनीचे निळे स्विच होते. ही ओळख खरी आहे, पण अपुरी आहे. या कीबोर्डाचं मूळ शोधायचं तर टायपिंग क्लासपासून सुरुवात करावी लागते.

अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात क्रिस्टोफर शोल्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1868 मध्ये टंकयंत्राचं पेटंट घेतलं. बंदुका आणि शिवणयंत्रं बनवणाऱ्या रेमिंग्टन कंपनीने ते यंत्र 1874 पासून विकायला सुरुवात केली. पहिल्या यंत्रात फक्त मोठी इंग्रजी अक्षरं होती. लहान अक्षरं आणि शिफ्टचं बटण आलं 1878 च्या दुसऱ्या मॉडेलात. अक्षरांची क्वेर्टी मांडणी तेव्हापासूनची. दांड्या एकमेकींत अडकू नयेत म्हणून ती तशी केली, ही गोष्ट सगळ्यांना पाठ असते. तिच्यावर अभ्यासकांचं एकमत नाही, काहींच्या मते तारयंत्र चालवणाऱ्यांच्या सोयीचा त्यात मोठा वाटा होता. पुढे इंग्रज सरकारच्या कचेऱ्यांबरोबर रेमिंग्टन हिंदुस्थानात आलं आणि रुजलं. स्वातंत्र्यानंतर 1955 मध्ये गोदरेजने पहिला भारतीय बनावटीचा टाइपरायटर तयार केला आणि आवडी इथल्या काँग्रेस अधिवेशनात तो पंडित नेहरूंसमोर ठेवला. त्याचं उत्पादन थेट 2009 पर्यंत चाललं.

महाराष्ट्रात या यंत्राला एक पूर्ण शिक्षणव्यवस्था मिळाली. दहावी झाली की 'टायपिंग लावणे' हा त्या सुट्टीतला ठरलेला उद्योग होता. इंग्रजी 30, इंग्रजी 40, मराठी 30, असे टप्पे. परीक्षा राज्य परीक्षा परिषदेची, आणि सरकारी लिपिकाच्या नोकरीसाठी प्रमाणपत्र आवश्यक. नाशिकसारख्या जिल्ह्याच्या गावी अशा क्लासांना विद्यार्थ्यांची कमतरता कधी नव्हती. तिथे पहिल्या दिवसापासून एकच शिस्त शिकवली जायची: नजर कागदावर, बोटं आपापल्या जागी, कीबोर्डाकडे बघायचं नाही. नजर मजकुरावर खिळलेली असताना अक्षर उमटलं की नाही हे टंकलेखकाला दोनच वाटांनी कळायचं, बोटाला बसणाऱ्या धक्क्याने आणि कानाला ऐकू येणाऱ्या ठोक्याने. यांत्रिक कीबोर्डाच्या टिकटिकीचं काम नेमकं तेच आहे, असं मला ठामपणे वाटतं. आजची पिढी ती हौसेने ऐकते. लिपिकाला मात्र ती माहिती होती.

बँकांमध्ये हे जास्त स्पष्ट दिसतं. डॉ. सी. रंगराजन समितीचा अहवाल 1984 मध्ये आला आणि शाखांमध्ये आधी खतावणीची यंत्रं, मग संगणक यायला लागले. समोर बसलेला माणूस तोच होता, टायपिंगची परीक्षा पास होऊन आलेला. डाव्या हाताला व्हाउचरांचा गठ्ठा, नजर त्या आकड्यांवर, उजवा हात अंकांच्या बटणांवर. पडद्याकडे तो ओळ संपल्यावर बघणार. त्याला रबराच्या पडद्यावर बसवलेला मऊ कीबोर्ड दिला तर आकडा गेला की राहिला हे कळायला मार्गच नाही.

चेरीचा निळा स्विच हे काम कसं करतो हे उघडून पाहण्यासारखं आहे. 'एमएक्स' मालिकेचं पेटंट 1983 चं. निळ्या स्विचच्या आतला दांडा दोन भागांचा असतो: मूळ निळा दांडा आणि त्यावर सैल बसवलेला पांढरा तुकडा. बटण दाबलं की पांढरा तुकडा तांब्याच्या पातळ पट्टीच्या उंचवट्यावर अडतो, बोटाला विरोध जाणवतो, आणि साधारण दोन मिलिमीटरवर तो एकदम सुटून खाली आपटतो. आवाज त्या आपटण्याचा. पट्टी मोकळी होऊन दुसऱ्या पट्टीला टेकते ती त्याच सुमारास, म्हणजे आवाज झाला की अक्षर गेलं. पुढचे दोन मिलिमीटर केवळ तळ गाठण्यासाठी. स्पर्शबिंदू सोन्याच्या मिश्रधातूचा असल्यामुळे गंज धरत नाही. स्विचचं आयुष्य कंपनी पाच कोटी दाबांचं सांगते. चेन्नईच्या टीव्हीएस इलेक्ट्रॉनिक्सने हा स्विच आपल्या कीबोर्डात घातला. बँकेत शेजारीच याच कंपनीचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर करकरत असायचा, तेव्हा टिकटिकीबद्दल तक्रार करायला कोणी मोकळं नव्हतं.

मराठीची गोष्ट अधिक गुंतागुंतीची. टाइपरायटरवर जेमतेम चाळीस-पंचेचाळीस बटणं, आणि त्यांत सगळी बाराखडी बसवायची. मग अनेक अक्षरं अर्धीच ठेवली आणि उभ्या दंडाने ती पूर्ण करायची सोय केली: अर्धा 'ख' आणि काना मिळून 'ख', अर्धा 'श' आणि काना मिळून 'श'. उकार, मात्रा, अनुस्वार यांच्या बटणांवर कागद पुढे सरकतच नसे, म्हणजे खूण आधीच्या अक्षराच्या वर-खाली बसे. आणि पहिली वेलांटी अक्षराच्या आधी मारायची, कारण कागदावर ती डावीकडे दिसते. उच्चारात 'कि' म्हणताना क आधी येतो. बोटांना मात्र वेलांटी आधी. मराठी टंकलेखकांच्या पिढ्यांच्या हातात हा उलटा क्रम बसलेला होता.

संगणकावर देवनागरी आली तेव्हा या हातांचं काय करायचं हा प्रश्न उभा राहिला. आयआयटी कानपूरमध्ये मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केलेलं 'जिस्ट' तंत्र पुढे पुण्यात 1988 मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकमध्ये वाढलं. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने 1986 मध्येच 'इन्स्क्रिप्ट' ही नवी मांडणी ठरवली होती. तिच्यात स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं बहुतांशी उजव्या हाताला, आणि वेलांटी उच्चाराच्या क्रमाने अक्षरानंतर. मांडणी तर्कशुद्ध आहे आणि साऱ्या भारतीय लिप्यांना एकच. पण टायपिंग क्लासमधून आलेल्या माणसाला ती पहिल्यापासून शिकावी लागली असती. म्हणून पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या 'श्री-लिपी'सारख्या सॉफ्टवेअरांनी जुनी टाइपरायटरची मांडणीही चालू ठेवली, आणि डीटीपीच्या खोल्यांमध्ये तीच टिकली.

हे सारं एकाच कीबोर्डावर शक्य झालं, कारण कीबोर्डाला अक्षर कळतच नाही. बटण दाबलं की तो संगणकाकडे एक क्रमांक पाठवतो. त्या क्रमांकाचं 'क' करायचं की इंग्रजी 'के', ते सॉफ्टवेअर ठरवतं. त्यामुळे इंग्रजी छापाच्या टीव्हीएस गोल्डवर मराठीची चिकटपट्टी लावायची पद्धत पडली. पारदर्शक कागदावर छापलेली देवनागरी अक्षरं, एकेका बटणावर चिकटवलेली.

नाशिकमध्ये असे कीबोर्ड यायचे अंबड लिंक रोडच्या भंगार बाजारात. सातपूर आणि अंबड या दोन औद्योगिक वसाहतींच्या मधला हा बाजार महापालिकेने जानेवारी 2017 मध्ये हटवला आणि दुकानं पांगली. त्याच वर्षी राज्यात यंत्रावरच्या टायपिंगची शेवटची परीक्षा झाली. ई-कचऱ्याचे नियम 2012 पासून लागू आहेत आणि जुनी यंत्रणा नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडे जाणं योग्यच आहे. पण तिथे कीबोर्डाचा थेट चुरा होतो. त्याआधी तो हाती लागला पाहिजे.

हाती आलेला कीबोर्ड धुवायच्या आधी नीट वाचावा, हे मी प्रत्येक नव्या संग्राहकाला आग्रहाने सांगतो. रुपयाचं चिन्ह केंद्र सरकारने 15 जुलै 2010 रोजी स्वीकारलं आणि त्यानंतर ते टीव्हीएसच्या 'गोल्ड भारत'वर आलं; त्यावरून वयाचा अंदाज येतो. झीज त्याहून बोलकी असते. इंग्रजीत 'जे' आणि 'व्ही' फार कमी लागतात. हीच बटणं गुळगुळीत चकाकत असतील तर तो कीबोर्ड इन्स्क्रिप्टवर चालला, कारण तिथे 'जे'वर 'र' आहे आणि 'व्ही'वर 'न'. फक्त उजवीकडचे अंक आणि एंटर झिजलेले असतील तर बँक किंवा लेखा विभाग. बटणं काढली की खाली धूळ, स्टेपलरच्या पिना, आणि जवळजवळ नेहमीच हळद-कुंकू आणि अक्षता सापडतात. खंडेनवमीला कचेरीतल्या यंत्रांची पूजा होते, आणि संगणकात पूजेचा मान कीबोर्डाला मिळतो, कारण हात त्यालाच लागतो.

धुण्याची रीत सोपी आहे. आधी फोटो, मग तारेच्या पकडीने बटणं सरळ वर ओढायची. साबणाच्या कोमट पाण्यात भिजवून सावलीत पूर्ण वाळवायची. पाणी कढत असेल तर प्लास्टिक वाकतं. स्विच अडत असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलचे थेंब टाकून तो पुन्हा पुन्हा दाबायचा. निळ्या स्विचमध्ये तेल घालू नये. पांढरा तुकडा चिकटला की टिकटिक जाते. पिवळं पडलेलं प्लास्टिक हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात पांढरं करण्याची पद्धत 2008 पासून जगभर पसरली आहे. नाशिकच्या एप्रिलच्या उन्हात ती भराभर काम करते, आणि तितक्याच भराभर प्लास्टिकवर पांढरे डाग पाडते. मी ती टाळतो.

मराठीच्या चिकटपट्ट्यांबद्दल संग्राहकांत मतभेद आहेत. बहुतेकजण त्या खरवडून काढतात आणि कीबोर्ड कारखान्यातून आला तसा करतात. माझ्या मते ही दुरुस्ती वस्तूचं नुकसान करते. कारखान्याने एकसारखे हजारो कीबोर्ड बनवले. मराठीची चिकटपट्टी कोणत्या बटणावर आली, कोणती झिजल्यावर पुन्हा लावली, कोणती कोणी हाताने शाईने लिहिली, हे त्या एकाच कीबोर्डावर आहे. टाइपरायटरची मांडणी कुठल्या कचेरीत किती काळ टिकली याचा असा पुरावा कागदोपत्री क्वचितच मिळतो. त्या बटणांना मी पाण्यात घालत नाही, ओल्या कापडाने पुसतो.

बिघडलेला स्विच बदलावाच लागतो. त्याचे दोन पाय बोर्डाला डाखलेले असतात. डाख वितळवून, पंपाने ओढून घेऊन स्विच अलगद काढायचा. चेरीच्या पेटंटची मुदत संपल्यापासून चिनी कंपन्यांचे निळे स्विच सहज मिळतात आणि त्याच छिद्रांत बसतात. मी शक्यतो दुसऱ्या मोडक्या टीव्हीएसमधूनच स्विच घेतो, आणि जो बदलला त्याची नोंद कीबोर्डाच्या तळाला आतून चिकटवतो: कोणतं बटण, कोणत्या वर्षी, कुठून आणलेला स्विच. पुढे कोणी हा कीबोर्ड उघडेल तेव्हा मूळचं काय आणि मागाहून घातलेलं काय, हे त्याला अंदाज न बांधता कळलं पाहिजे.