गोदेचे दोन काठ

दिवाळीच्या सुटीत आजोळी जाणे हा आमच्या लहानपणीचा ठरलेला क्रम. पोखर्णीहून आगगाडीने परभणी, तेथे गाडी बदलून पूर्णा आणि मग नांदेड. मामांचे घर गोदावरीच्या दक्षिण काठी, वाघाळ्याच्या बाजूस. पूल ओलांडताना आई म्हणे, "नांदेड मागे राहिले, आता वाघाळा." मधे एक नदी, आणि दोन काठांवर दोन नगरपालिका.

२६ मार्च १९९७ रोजी त्या दोन्ही मिळून नांदेड-वाघाळा महानगरपालिका झाली. त्या दिवाळीत फराळ करता करता मामा म्हणाले, "भाचेबुवा, एकत्र घरात धाकट्या जावेचे काय होते, ठाऊक आहे ना?" सगळे हसले. पुढे मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवू लागलो, तेव्हा त्या विनोदातला काटा मला टोचला.

नगरपालिकेत लोकांना नगराध्यक्षाचे दार माहीत असते. महानगरपालिकेत महापौर सभेचा प्रमुख. कारभाराची सूत्रे मात्र सरकारने नेमलेल्या आयुक्ताच्या हाती. सभागृहातही ज्या गावाची वस्ती मोठी, त्याचीच डोकी अधिक.

पण वाचकहो, दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. नदीची वाटणी करता येत नाही. पाणी, पूल आणि सांडपाणी यांचा हिशेब दोन वह्यांत मांडला, तर तो कधी जुळायचा नाही. गुरू गोविंदसिंगांनी १७०८ साली नांदेडला देह ठेवला. ग्रंथसाहेबास त्यांनी गुरुपद दिले, त्या घटनेला २००८ साली तीनशे वर्षे झाली. त्या सुमारास केंद्राच्या नेहरू नागरी अभियानात मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक यांच्या पंगतीला आमचे नांदेड बसले. एवढ्या मोठ्या कामाला दोन्ही काठांचा एकच आराखडा असणे सोयीचेच.

सांगली-मिरज-कुपवाडने १९९८ साली तिन्ही नावे जपली. वसई-विरारमध्ये २००९ साली चार नगरपालिका आणि ५३ गावे एकत्र आली, तेव्हा अनेक गावांनी "आम्हांस वगळा" म्हणून आंदोलन केले. त्यांना नको होते ते शहर नव्हे. आपल्या अंगणाचा निकाल दुसऱ्याने करावा, हे नको होते.

यावर घटनेनेच तोड सांगितली आहे. १९९३ साली अमलात आलेल्या ७४व्या दुरुस्तीने तीन लाखांवरील शहरांत प्रभाग समित्या ठेवण्यास सांगितले. घर मोठे झाले, तरी प्रत्येक खोलीला आपली खिडकी हवी, एवढाच त्याचा अर्थ.

परभणीची महानगरपालिका २०११ साली झाली. परवा वर्गात एका मुलीने विचारले, "गुरुजी, शहर वाढत वाढत पोखर्णीला आले तर?"

मी म्हणालो, "येऊ दे. नळ येईल, रस्ता येईल. फक्त ग्रामसभेत बोलायची सवय आजपासून लावून घे. ती तिथेही लागेल."