कोतवालाची वर्दी आणि भुकेची यादी

दुष्काळाचा इतिहास आपल्याकडे दात्यांच्या बाजूने लिहिला गेला आहे. अन्नछत्र घालणारा शेठ, तलाव खोदवणारा मालगुजार, संहिता हाती घेऊन दौरा करणारा गोरा साहेब, ही त्यातली पात्रे. भुकेला माणूस तेथे येतो तो आकडा म्हणून. पण हा आकडा सरकारदरबारी पोहोचवला कोणी, हा प्रश्न आमच्या इतिहासकारांना फारसा पडलेला दिसत नाही.

भंडारा जिल्ह्यापुरते बोलायचे तर याचे उत्तर स्पष्ट आहे. गावचा जन्ममृत्यू पोलीस ठाण्यावर कळवण्याचे काम कोतवालाचे होते आणि नागपूरकडच्या मराठी मुलखात कोतवाल बहुधा महार असे. कोण जन्मले, कोण मेले, ताप की पटकी, हे तो पायी जाऊन सांगे. त्याला अक्षर येत नव्हते. अक्षर येऊ द्यायचेच नाही अशी समाजाची व्यवस्था होती. लिहिणारा दुसरा असे. तरीही १८९७ आणि १९०० या दोन भीषण वर्षांचे मृत्युमान आज आपल्याला ठाऊक आहे, ते या निरक्षर माणसाच्या पायपिटीमुळे.

१८९१ च्या जनगणनेत भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या ७ लाख ४२ हजारांवर होती. १९०१ मध्ये ती ६ लाख ६३ हजारांवर आली. (१ मे १९९९ रोजी वेगळा झालेला आजचा गोंदिया जिल्हाही यात धरलेला आहे.) दहा वर्षांत सुमारे ऐंशी हजारांची घट! काही लोक पोटासाठी गाव सोडून गेले असतील, हे मान्य. पण धानाचा हा मुलूख, जागोजागी तलाव-बोड्या असलेला. येथे एवढी माणसे का कमी व्हावीत? पाऊस दगा देतो, हे खरे आहे. परंतु पाऊस जात पाहून पडत नाही. भूक मात्र जात पाहून पसरते.

कोतवालाचेच पाहा. त्याच्या हक्काचा मोठा भाग खळ्यावरचे धान्य. पीक आले तर सूपभर, पीक बुडाले की हक्कही बुडाला. त्याची चाकरी मात्र बुडत नसे. उलट दुष्काळात मरणे वाढली म्हणून ठाण्याच्या खेपाही वाढल्या. दुसरा आधार विणकामाचा. जाडेभरडे कापड विणणे हा या भागातील महारांचा जुना धंदा. नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ साली सुरू झाली, गिरणीचे सूत व कापड गावोगाव पोहोचले आणि मागावर बसणारा हात रोजंदारीकडे वळला. दुष्काळ आला तेव्हा त्याच्याजवळ ना जमीन, ना माग. मग उरले मोहफूल आणि लाखोरीची डाळ. लाखोरी कमी पावसातही तग धरते, म्हणून गरिबाच्या ताटात ती जास्त. आणि नुसती तीच महिनोनमहिने खाल्ली की पाय लुळे पडतात. भूक माणसाला मारते तरी किंवा पांगळे करून सोडते.

सरकारी मदत आली नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर संहिता तयार झाल्या होत्या. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात मदत अपुरी पडली, असा ठपका १८९८ च्या आयोगाने ठेवला. त्यातून धडा घेऊन १९०० मध्ये हात सैल सोडला गेला आणि त्या वर्षीच्या जुलैत प्रांतात २० लाखांहून अधिक माणसे मदतीवर होती. पण ही मदत गावात कोणत्या दाराने शिरली? मालगुजार, पटवारी, शाळामास्तर यांच्या दाराने. यादीत नाव घालणारे तेच. तलावांच्या कामासाठी मालगुजारांना सरकारी कर्जे मिळाली. माती वाहिली भूमिहीनांनी आणि तलाव झाला मालगुजाराचा. तो १९५१ साली मालगुजारी नष्ट होईपर्यंत त्याचाच राहिला. भुकेल्याच्या श्रमातून धनिकाची मालमत्ता उभी करणाऱ्या या व्यवहाराला आपण ‘मदतकार्य’ म्हणतो.

शिजवलेल्या अन्नाची कथा आणखी निराळी. सर्वांना चालेल असा स्वयंपाक्याचा हात म्हणजे वरच्या जातीचा हात, हे गृहीत धरूनच दुष्काळी स्वयंपाकघरे चालली. अस्पृश्याने भुकेने मरावे, पण भाकरी थापून दुसऱ्याला जगवू नये! ओरिसात १८६६ च्या दुष्काळात अन्नछत्रात जेवलेल्या लोकांना त्यांच्या जातींनी वाळीत टाकले आणि त्यांची ‘छत्रखिया’ ही वेगळी जात झाली. जगल्याची ही शिक्षा. हे सारे जुने झाले असे कोणाला वाटत असेल, तर डिसेंबर २०२१ मध्ये उत्तराखंडातील सुखीढांगच्या शाळेत काय घडले ते आठवावे. दलित बाईने रांधलेले दुपारचे जेवण सवर्ण मुलांनी नाकारले आणि नोकरी गेली ती त्या बाईची.

बाबासाहेबांनी मार्च १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात महार वतनाविषयीचे विधेयक मांडले, त्याकडे या प्रकाशात पाहायला हवे. ते मुंबई इलाख्यापुरते होते, भंडारा तेव्हा मध्य प्रांतात. पण दुखणे एकच. गावाच्या खळ्यावर, गावाच्या मर्जीवर जगणारा सरकारी नोकर दुष्काळात सर्वांआधी उपाशी पडतो. त्याला बलुत्याऐवजी रोख वेतन हवे, ही मागणी स्वाभिमानाची तशीच अन्नाची होती. १९५४ च्या पोटनिवडणुकीत याच भंडाऱ्यातून बाबासाहेब लोकसभेसाठी उभे राहिले आणि पराभूत झाले. तो पराभव येथील वस्त्या अजून विसरलेल्या नाहीत.

१९७२ च्या दुष्काळानंतर महाराष्ट्राने एक पाऊल पुढे टाकले हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला, २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. काम मागणे हा हक्क ठरला. साहेबाच्या दयेचा प्रश्न उरला नाही. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने तर शिधापत्रिकेवर कुटुंबप्रमुख म्हणून घरातील ज्येष्ठ स्त्रीचे नाव घातले. आमच्या आज्यांना हे कोणी सांगितले असते तर त्या हसल्या असत्या. मात्र कोणते कुटुंब प्राधान्याचे आणि कोणते नाही, ही यादी अजूनही वरूनच ठरते, आणि तिच्यात नाव नसलेल्याने पुन्हा कोणाच्या तरी दारात उभे राहायचे असते.