मुंबईचा प्लेग आणि जुळलेला आलेख

१९२७ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने एक शोधनिबंध छापला. लेखक दोन स्कॉटिश संशोधक. अँडरसन मॅकेंड्रिक हे इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये राहिलेले डॉक्टर आणि विल्यम कर्मॅक हे प्रयोगशाळेतल्या अपघातात दृष्टी गमावलेले रसायनशास्त्रज्ञ. कोविडच्या काळात आपण ज्या मॉडेल्सबद्दल ऐकत होतो, त्यांतल्या बऱ्याचशांचं मूळ या निबंधात आहे. आणि त्यातला आलेख आपल्या मुंबईचा आहे: १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ या काळातले प्लेगचे साप्ताहिक मृत्यू.

मॉडेल साधं आहे. लोकांचे तीन डबे करा: लागण होऊ शकेल असे, लागण झालेले, आणि बरे झालेले किंवा दगावलेले. लस पहिला डबा रिकामा करते. विलगीकरण दुसऱ्या डब्याची पहिल्याशी गाठ पडू देत नाही. सुरुवातीला एक रुग्ण सरासरी चौघांना लागण देत असेल, तर चारातले तीन आधीच सुरक्षित असले की साथ पसरत नाही. सगळ्यांना लस मिळायची गरज नाही, हा या गणिताचा मोठा दिलासा.

मी त्यांचं सूत्र दहा ओळींच्या कोडमध्ये बसवलं. रेषा चढते, सतराव्या आठवड्यात, म्हणजे एप्रिलच्या मध्यात, ८९० मृत्यूंवर पोचते आणि उतरते. निबंधातल्या आलेखात प्रत्यक्ष आकडे या रेषेच्या अगदी जवळ बसतात. सगळ्या टेस्ट पास झाल्यावर होतो तसा आनंद होतो.

पण लेखकांनीच खाली इशारा दिलाय. माणसांचा प्लेग हे उंदरांच्या प्लेगचं प्रतिबिंब आहे, असं आम्ही धरलंय. आमची गृहीतकं काटेकोरपणे खरी नाहीत. या आकड्यांवरून निष्कर्ष काढू नका. शिवाय मुंबईत प्लेग ऋतूप्रमाणे चढायचा-उतरायचा. मॉडेलला ऋतू माहीतच नव्हते.

उंदीर विसरले की काय होतं, हे पुण्याने १८९७ मध्ये भोगलं होतं. रँडच्या अधिकाराखाली सैनिक घरात घुसून झडत्या घेत, रुग्णांना इस्पितळात आणि घरच्यांना छावणीत नेत. कागदावर हे दुसरा डबा वेगळा करणंच होतं. पण गाठीचा प्लेग पसरवत होत्या उंदरांवरच्या पिसवा. कराचीत पॉल-लुई सिमाँ यांनी हे १८९८ मध्ये मांडलं. तोवर लोकांचा संताप २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंच्या गोळ्यांतून बाहेर पडला होता.

त्याच वर्षी १० जानेवारीला भायखळ्यात हाफकिन यांनी आपली नवी लस आधी स्वतःला टोचून घेतली. ती घेणाऱ्याला बऱ्यापैकी संरक्षण मिळे. पण माणसांना लस देऊन उंदरांमधली साथ थांबत नव्हती. म्हणजे चारातल्या तिघांचा दिलासाही इथे लागू नव्हता.

लस आणि विलगीकरण ही हत्यारं खरीच आहेत. फक्त रोग कुठून कुठे जातो, तो बाण आधी बरोबर काढावा लागतो. तो चुकला तरी रेषा जुळू शकते. किंमत मात्र छावणीत नेलेल्या माणसाला मोजावी लागते.