आकाशवाटेवरील शब्द

विमान आणि भूमी यांच्यातील संभाषणासाठी एक अरुंद कंप्रता-पट्टा राखून ठेवलेला आहे. आज तो ११८ पासून १३७ मेगॅहर्ट्‌झपर्यंत पसरला आहे. हातात मावणाऱ्या यंत्राच्या काही कळा विशिष्ट क्रमाने दाबून ही मर्यादा ओलांडता येते, असे हौशी मंडळी सांगतात. पण मुळात ही मर्यादा घडली कशी?

आरंभीच्या यंत्रांत प्रत्येक मार्गासाठी गारेचा स्वतंत्र स्फटिक बसवावा लागे. स्फटिक नाही, तर मार्गही नाही. दोन मार्गांत ०.१ मेगॅहर्ट्‌झ अंतर ठेवून ११८ ते १२६.९ या टप्प्यात ९० मार्ग मिळत. विमानांची दाटी वाढली, तसा पट्टा १३६ पर्यंत रुंदावला. अंतर निम्मे झाले, तेव्हा ३६० मार्ग झाले. पुन्हा निम्मे झाले, तेव्हा ७२०. १९७९ च्या जिनीव्हा परिषदेने आणखी एक मेगॅहर्ट्‌झ दिला आणि ही संख्या ७६० वर गेली. १९९९ मध्ये युरोपने उंचावरील विमानांसाठी एकेका मार्गाचे तीन भाग करण्यास प्रारंभ केला.

दरम्यान स्फटिकांची रास जाऊन एकाच स्फटिकापासून हव्या त्या कंप्रता निर्माण करणारी योजना आली. पूर्वी गारेत असलेली मर्यादा आता यंत्राच्या स्मृतीत आली. म्हणूनच काही यंत्रांत ती कळांनी बदलता येते. परंतु स्मृती बदलल्याने यंत्राची ग्रहणशक्ती बदलत नाही. आणि परवान्याबाहेरच्या मार्गावर बोलणे हा तर गुन्हाच होय.

शिवाय मार्ग कितीही वाढले, तरी एका मार्गावर एका वेळी एकानेच बोलावे, हा नियम सुटत नाही. २७ मार्च १९७७ रोजी कॅनरी बेटांतील टेनेरिफ येथे धावपट्टीवर दाट धुके होते. एक विमान परवानगीवाचून उड्डाणास निघाले. दुसरे अद्याप त्याच पट्टीवर होते. नियंत्रकाची थांबण्याची सूचना आणि दुसऱ्या वैमानिकाचा इशारा एकाच क्षणी उच्चारले गेले. पहिल्या विमानात ते कर्कश शिट्टीत अस्पष्ट झाले. त्या अपघाताची कारणे अनेक होती. बळी ५८३ होते.

शासनाने आखलेली मर्यादा जाचक वाटणे स्वाभाविक आहे. पण या पट्ट्यातील प्रत्येक रेषेमागे कोणाचा तरी शब्द वेळेवर पोहोचावा, एवढाच हेतू आहे.