पायरेट ग्रुपमध्ये कॅप्टनच सर्वेसर्वा असतो का?

अमेरिका-ब्रिटनमधले हौशी ग्रुप समुद्री चाच्यांचा वेश करून १८व्या शतकातलं जहाजावरचं जगणं उभं करतात. त्यांची पदं खऱ्या चाच्यांकडूनच आली आहेत.

कॅप्टन: चाचे त्याला मतांनी निवडत आणि हटवतही. त्याचा शब्द अंतिम असे, पण फक्त लढाई आणि पाठलागात.

क्वार्टरमास्टर: लुटीची वाटणी, भांडणं, शिस्त. कॅप्टनवर वचक याचाच.

बोसन: शिडं आणि दोरखंड.

गनर: तोफा. आज तोफेत गोळा नसला तरी दारू खरी असते, म्हणून तिथे सुरक्षेची जबाबदारी मोठी.

बार्थोलोम्यू रॉबर्ट्सच्या जहाजावर कॅप्टन आणि क्वार्टरमास्टरला लुटीचे सारखेच २ वाटे मिळत. गनर आणि बोसनला दीड.