किल्लारी: ६.२ च्या भूकंपात इतकी माणसं का गेली?

भूकंप किती मोठा, हे आपण आकड्यावरून ठरवतो. आकडा एकाने वाढला की बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे ३२ पट होते. पण जीवितहानी फक्त आकड्यावर ठरत नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला लातूर-उस्मानाबाद भागात बसलेला धक्का ६.२ चा होता, तरी जवळपास १०,००० माणसं दगावली.

भारताचा भूपट्टा उत्तरेकडे सरकत आशियाला रेटतो. तो ताण पट्ट्याच्या आत, जुन्या भेगांमध्येही साठतो. खडकाला झेपेनासा झाला की खडक एकदम सरकतो. किल्लारीत तेच झालं.

केंद्र उथळ, त्यामुळे हादरा जोराचा. वेळ पहाटे ४ च्या सुमाराची, लोक झोपेत. आणि घरं दगड-मातीची, वर माळवदाचं ओझं. बहुतेक लोक त्याच ढिगाऱ्याखाली गेले.

भूकंपाची तारीख-वेळ आधी कुणालाच सांगता येत नाही, म्हणून मोबाईलवर फिरणाऱ्या असल्या मेसेजवर आपण विश्वास ठेवू नये. आपल्या हातात आहे ते घर. बांधताना भिंतींवरून चारही बाजूंनी सळईचा काँक्रीट पट्टा घ्यावा, कोपरे नीट सांधावेत, छत हलकं ठेवावं.