कथलाच्या गावातली बशी

पुण्या-मुंबईच्या चायनीजच्या गाडीवर 'हक्का' हे नूडल्सचे नाव आहे. दक्षिण चीनच्या डोंगराळ भागात ते माणसांचे नाव आहे. हक्का म्हणजे 'पाहुणी घराणी'. हा समाज उत्तरेकडून टप्प्याटप्प्याने खाली सरकला आणि आधीच्या रहिवाशांनी त्याला पिढ्यानुपिढ्या पाहुणाच मानले. भरलेला टोफू हा त्यांचा सर्वांत नावाजलेला पदार्थ, आणि त्याची एक गोड गोष्ट सगळीकडे सांगतात: उत्तरेच्या या लोकांना गव्हाच्या पारीतल्या डंपलिंगची सवय, दक्षिणेत गहू मिळेना, म्हणून त्यांनी टोफूतच सारण भरले. मलेशियात क्वालालंपूर, इपोसारख्या शहरांतल्या साध्या खाणावळीत हाच टोफू तांदळाच्या वाफवलेल्या गुंडाळ्यांसोबत एकाच बशीत येतो. ती बशी नीट पाहिली की या गोष्टीबद्दल शंका येऊ लागते. हे खाणे मागे सुटलेल्या गावाच्या आठवणीपेक्षा समोर आलेल्या गावाच्या गरजेतून घडलेले दिसते.

आधी गव्हाचे पाहू. 1127 मध्ये उत्तरेतली राजधानी कैफंग पडली आणि उत्तरेचे लोंढे दक्षिणेत उतरले. बाराव्या शतकातल्याच एका लेखकाने नोंदवले आहे की या निर्वासितांमुळे गव्हाचे भाव कडाडले. शिवाय खंड फक्त भातावर द्यायचा असल्याने गव्हाचे पीक कुळांच्याच पदरात पडे, म्हणून त्याची लागवड झपाट्याने पसरली. 'दक्षिणेत गहू नव्हता' हे सरसकट खरे नाही, ते असे. यावर कोणी म्हणेल, सपाट खोऱ्यांचे ठीक आहे, पण हक्कांच्या वाट्याला मेइचौकडचे डोंगरउतार आले, तिथे गहू कुठला? आक्षेप रास्त आहे. मग टोफूचे उत्तरही त्या उतारांवरच शोधायला हवे. सोयाबीन भातखाचराच्या बांधावर येते, त्याला वेगळे शेत लागत नाही. त्याचे दूध जिप्समने साकळले की टोफू होतो, आणि चमचाचमचा मांस त्याच्या तुकड्यांत दडपले की थोडक्यात घरभर पुरते. घडणही हेच सांगते. डंपलिंगचे सारण पुरते झाकलेले असते, टोफूतले उघडे दिसते. आणि ज्या क्रियापदाने हक्का टोफू 'भरतात' त्याच क्रियापदाने ते कारले आणि वांगेही भरतात. आपल्या भरल्या वांग्याला करंजीची हौस भागवणारा पदार्थ कोणी म्हणत नाही.

बशीतला दुसरा पदार्थ शेजाऱ्यांचा, म्हणजे कॅन्टनी लोकांचा. तांदळाचे पातळ पीठ कापडावर किंवा पत्र्याच्या तबकात पसरून वाफवायचे आणि निघालेली लुसलुशीत पोळी गुंडाळायची; ती डुकराच्या आतड्यासारखी दिसते म्हणून नाव 'ची चाँग फन'. मायदेशी हे शेजारी सुखाने नांदत नव्हते. ग्वांगदोंगमध्ये 1855 ते 1867 या काळात स्थानिक कॅन्टनी आणि हक्का यांच्यात गावेच्या गावे उद्ध्वस्त करणाऱ्या लढाया झाल्या. त्याच काळात दोन्हीकडचे तरुण कथलाच्या खाणींसाठी मलायात उतरत होते. 1857 मध्ये आम्पांगला 87 चिनी खाणकामगार गेले आणि महिन्याभरात मलेरियाने त्यांतले बहुतेक दगावले. तरी मागून माणसे येत राहिली आणि क्वालालंपूर वसले. पेराकमधल्या लारुतच्या खाणींवरून उसळलेला रक्तपात 1874 च्या पांगकोर करारानंतरच थांबला.

इथे कोणी म्हणेल की एका बशीत दोन पदार्थ आले म्हणून दोन जमातींचे वैर मिटले असे होत नाही. मान्य. शिवाय वैराची रेषाही सरळ नव्हती: क्वालालंपूर ज्या राज्यात वसले त्या सेलांगोरच्या 1867 नंतरच्या यादवीत दोन्ही बाजूंना हक्काच होते. पण बशीकडून दिलजमाईचा दाखला मागायचाच नाही. ती इतकेच सांगते की खाणीच्या गावात गिऱ्हाईक एकाच जमातीचे राहिले नाही आणि विकणाऱ्याने जे खपते ते शेजारी शेजारी मांडले. पुढच्या बदलांतही तोच हिशेब दिसतो. डुकराच्या मांसाच्या जागी किंवा जोडीला मासळीचा लगदा आला, कुठे वरून करी पडली, आणि पेनांगमध्ये तांदळाच्या गुंडाळ्यांवर कोळंबीची काळसर चटणी आली.

डंपलिंगची गोष्ट मानणाऱ्यांना शेवटी एका प्रश्नाचे उत्तर द्यावे लागेल. टोफू ही केवळ गव्हाअभावी केलेली तडजोड असती, तर वसाहतीच्या बाजारात आयात मैदा मिळू लागल्यावर तिची गरज संपायला हवी होती. मलायातल्या हक्कांनी टोफू सोडला नाही. उलट त्यांनी भरायला आणखी एक भाजी घेतली, जिला मलय भाषेतही 'बेंडी'च म्हणतात.